आमच्या माघारी कोण? बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न प्रौढांसाठी शेजारातच आधार कसा उभारावा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा माझा चौतीस वर्षांचा भाऊ आमच्या तळमजल्यावरच्या घरात पलंगाचा खांब घट्ट धरून बसला होता. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आणि स्वमग्नता (ऑटिझम) आहे, शिवाय अपस्माराचा, म्हणजे झटके येण्याचा, त्रास आहे. आई मावशीच्या शस्त्रक्रियेसाठी रत्नागिरीला गेली होती, मी पुण्यात होते, आणि रात्री सोबतीला थांबलेल्या बाईंना त्याला जिन्यापर्यंत नेता येईना. शेजारच्या दोन तरुणांनी काखेत हात घालून त्याला उचलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा घाबरून त्याने एकाच्या मनगटाला चावा घेतला. पाणी पलंगाच्या फळ्यांना लागले असताना कोपऱ्यावरचे गिरणीवाले काका आत आले. त्यांनी त्याला हात लावला नाही. फडताळावरचा पिठाचा डबा काढून त्याच्या हातात दिला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “चल रे, पीठ भिजेल, वर ठेवायला हवं.” तो उठला आणि डबा छातीशी धरून दोन जिने चढून गेला.

काकांनी कसलेही प्रशिक्षण घेतलेले नव्हते. अकरा वर्षे दर गुरुवारी माझा भाऊ दळण घेऊन त्यांच्या गिरणीत जात होता, त्यामुळे तो कशाने बिथरतो आणि कशाने हलतो हे त्यांना ठाऊक झाले होते. उलट त्याच्या झटक्याच्या गोळ्यांचे नाव आईखेरीज कोणालाही माहीत नव्हते, आणि त्या गोळ्या कपाटासकट पाण्याखाली गेल्या होत्या. फोन बंद होते. दुसऱ्या रात्री त्याला झटका आला.

बौद्धिक दिव्यांग किंवा स्वमग्न मुलांचे पालक एकत्र बसले की “आमच्या माघारी याचं कोण बघणार?” हा प्रश्न निघतोच. पुरानंतरच्या वर्षांत आमच्या आळीत आम्ही जे उभे केले आणि इतर पालकांकडून जे शिकलो, ते या लेखात क्रमाने मांडले आहे. सांभाळाची माहिती आणि सांभाळाचे काम एकाच माणसाच्या डोक्यात आणि खांद्यावर राहू द्यायचे नाही, यासाठीच ही सारी धडपड आहे.

आधी शब्दांविषयी थोडे. आपल्याकडे ‘अध्ययन अक्षमता’ म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातली विशिष्ट अडचण, आणि अशा व्यक्तीची बुद्धी सर्वसाधारण असते. बौद्धिक दिव्यांगत्वात आकलन आणि रोजचे व्यवहार या दोन्हींवर परिणाम होतो. स्वमग्नतेत संवाद, सवयी आणि इंद्रियसंवेदना वेगळ्या असतात; तिच्यासोबत बौद्धिक दिव्यांगत्व असेलच असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत हे तिन्ही स्वतंत्रपणे येतात. ‘मतिमंद’ हा शब्द जुन्या कागदांवर अजून दिसतो, पण तो बोलण्यात वापरू नये, आणि शेजाऱ्यांनी वापरला तर न रागावता योग्य शब्द सांगावा.

पहिली पायरी: कागद पक्के करा

कागदांचे काम कंटाळवाणे असले, तरी पुढचे सारे त्यावर अवलंबून असल्यामुळे ते आधी उरकावे. केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढावे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. या कार्डावर एसटीच्या प्रवासात सवलत मिळते. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला रेल्वेच्या शयनयान वर्गात ७५ टक्के सवलत असून ती सोबतच्या एका माणसालाही लागू होते. त्यासाठी रेल्वेचा स्वतंत्र सवलत दाखला काढावा लागतो. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करावी. पालक सरकारी सेवेत असतील किंवा निवृत्त झालेले असतील, तर दिव्यांग अपत्याचे नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कार्यालयात आत्ताच नोंदवावे. पालकांच्या मृत्यूनंतर हेच काम भावंडांना वर्ष-वर्ष पुरते.

राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, वयाची अट नाही आणि विम्याआधी वैद्यकीय तपासणी होत नाही. बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचा खर्चही तिच्यात मागता येतो, म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवावी. नूतनीकरणाची तारीख मात्र पालकांच्या हमखास हातून निसटते.

अठरावे वर्ष पूर्ण होताच आईवडील कायद्याने पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या खिडकीवर उभे राहिल्यावर कळते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब समितीला द्यायचा असतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, पालकत्व मिळाले म्हणून त्या व्यक्तीला विचारणे बंद करू नये. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरती आणि ठरावीक काळापुरती, तिच्याशी सल्लामसलत करून केलेली मदत. कोणता शर्ट घालायचा, कोणाकडे बसायचे, रविवारी कुठे जायचे, हे निर्णय तिचेच असतात.

दुसरी पायरी: वही लिहा

आमच्याकडे दोनशे पानांची एक साधी वही आहे. तिचे पहिले पान एवढे नेटके असावे की अनोळखी माणसाने दोन मिनिटांत वाचून वागायला सुरुवात करावी. पहिल्या पानावर फोटो, रक्तगट, गोळ्यांची नावे, मात्रा आणि वेळा, ॲलर्जी, नेहमीचे डॉक्टर आणि चार फोन क्रमांक लिहावेत. त्याखाली वागणुकीच्या गोष्टी लिहाव्यात. भावाच्या पानावर असे लिहिले आहे:

“मागून हात लावू नका, समोर येऊन नाव घ्या. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि मनात दहा मोजा. उत्तर यायला वेळ लागतो. ‘हो’ म्हणाला म्हणजे कळले असे नाही, पुन्हा दाखवून विचारा. तोच शब्द तिसऱ्यांदा म्हणू लागला की तो घाबरला आहे. दुखत असेल तर तो सांगत नाही, जेवण टाळतो आणि डावा कान दाबतो. मिक्सर, फटाके आणि रडणारे बाळ सहन होत नाही. हातात डबा किंवा पिशवी दिली की शांत होतो.”

हे पान त्या व्यक्तीला सोबत घेऊन लिहावे. तिला वाचता येत नसेल, तर चित्रे किंवा फोटो समोर ठेवून आवडते आणि नावडते वेगळे करून घ्यावे. आम्ही तसे केले, तेव्हा ज्या दूध-पोह्यांचा आई वीस वर्षे आग्रह करत होती, त्यांचा फोटो त्याने दोनदा उचलून नकोच्या बाजूला ठेवला. पुढच्या पानांवर दिनक्रम, आंघोळ आणि झोपेच्या सवयी, पैशांची समज कुठवर आहे आणि चिडचिड झाल्यावर काय उपयोगी पडते, हे लिहावे. पहिल्या पानाच्या छायाप्रती प्लॅस्टिकच्या वेष्टनात घालून दोन शेजाऱ्यांकडे, डॉक्टरांकडे आणि परगावच्या भावंडांकडे ठेवाव्यात. शिवाय कोकणात दर पावसाळ्यापूर्वी सात दिवसांच्या गोळ्या वरच्या मजल्यावर वेगळ्या ठेवाव्यात, असे मी आता प्रत्येक कुटुंबाला सांगते.

तिसरी पायरी: माणसे जोडा

यात पालक अडखळतात, कारण लोकांना त्रास नको असे त्यांना मनापासून वाटते. परंतु शेजाऱ्यांचा अनुभव उलट असतो. मदत करायची त्यांची तयारी असते. नेमके काय करायचे हे कळत नाही, आणि चुकलो तर काय, ही भीती वाटते. म्हणून आधी एक आठवडा केवळ निरीक्षण करावे आणि आपल्या मुलाला नावाने कोण हाक मारते, त्याची यादी करावी. आमच्या यादीत गिरणीवाले काका, दूधवाला, वाचनालयातल्या बाई, देवळाचे गुरव आणि शाळेत असताना भावाची पिशवी उचलणारी, आता तिशीत आलेली एक शेजारीण, अशी पाच नावे निघाली. त्यात नातेवाईक एकही नव्हता.

त्यानंतर प्रत्येकाकडे जाऊन एकच छोटे आणि मोजता येणारे काम मागावे. ‘याच्याकडे जरा लक्ष ठेवा’ असे सांगितले की कोणीच लक्ष ठेवत नाही. ‘मंगळवारी पाच ते सहा हा तुमच्याकडे मासिके लावायला बसेल, सहा वाजता मी न्यायला येईन, आणि काही झाले तर या क्रमांकावर फोन करा’ असे सांगितले की माणूस विचार करून होकार किंवा नकार देऊ शकतो. नकार आला तर मनात धरू नये. पहिले तीन-चार वेळा आपण सोबत बसावे, मग दाराबाहेर, मग घरी. आठ-दहा माणसे जमली की त्यांना वर्षातून दोनदा चहाला एकत्र बोलवावे. ही माणसे एकमेकांना ओळखू लागली की त्यातले एखादे गळाले तरी घडी विस्कटत नाही.

चौथी पायरी: दिवसाला काम द्या

२०१६ च्या कायद्याने दिव्यांग मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यानंतर बहुतेक विशेष शाळांचे दार बंद होते, आणि कार्यशाळा किंवा व्यवसाय प्रशिक्षण केंद्र बहुधा शहरातच असते. तालुक्याच्या गावातला वीस वर्षांचा तरुण मग दूरचित्रवाणीसमोर बसून राहतो, त्याचे वजन वाढते, झोप उलटीपालटी होते, चिडचिड सुरू होते आणि घरचे म्हणतात की तो बिघडला. माझ्या मते सांभाळातले निम्मे प्रश्न या रिकाम्या दिवसातून येतात.

म्हणून शाळा सुटण्याआधी दोन वर्षे काम शोधायला लागावे. बचत गटाच्या पापड-मसाल्याच्या कामात वजन करणे आणि पिशव्या भरणे असते, रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायची असते, वाचनालयात वर्तमानपत्रे लावायची असतात. काम नेमाचे आणि रोज त्याच क्रमाने होणारे असले, तर अनेक स्वमग्न माणसे ते चोख करतात. शिकवताना कामाचे बारीक तुकडे करावेत. दळणाचे आमचे तुकडे असे होते: डबा घेणे, चप्पल घालणे, रस्त्याच्या डाव्या कडेने चालणे, काट्यावर डबा ठेवणे, ‘बारीक’ म्हणणे, बाकावर थांबणे, पैसे देणे, डबा घरी आणणे. सगळे एकदम शिकवले तर हाती काही लागत नाही. आम्ही शेवटापासून सुरुवात केली. पहिल्या महिन्यात बाकीचे सारे आईने केले आणि गिरणीच्या पायरीपासून घरापर्यंत डबा भावाने आणला, त्यामुळे काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळाला. मग मागचा एक-एक तुकडा जोडत गेलो. ‘बारीक’ हा शब्द यायला सात महिने लागले.

कामाचा मोबदला ठरवूनच घ्यावा आणि तो त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावा. ‘त्याला काय कळतंय, वेळ जातो ना त्याचा’ असे म्हणत वर्षभर फुकट राबवून घेणारी माणसे भेटतात, आणि पालकही संकोचाने गप्प बसतात. तसे होऊ देऊ नये.

पाचवी पायरी: दवाखान्याची तयारी

या माणसांच्या आजाराचे निदान उशिरा होण्याचे मोठे कारण म्हणजे प्रत्येक लक्षण त्यांच्या दिव्यांगत्वाच्या खाती टाकले जाते. काही वर्षांपूर्वी माझा भाऊ तीन आठवडे स्वतःच्या गालावर चापट्या मारत होता. एका रुग्णालयात त्याला गुंगीचे औषध लिहून दिले आणि ‘अशा मुलांचं असंच असतं’ असे आईला सांगितले. चौथ्या आठवड्यात गाल सुजला, तेव्हा दाढेत पू झाल्याचे दिसले. तीन आठवडे तो आपल्या परीने सांगत होता आणि आम्ही ऐकत नव्हतो, हे मला आजही सलते.

वागणे अचानक बदलले, तर आधी दात, कान, पोट, लघवी आणि पायातली जखम तपासून घ्यावी. बद्धकोष्ठता हे फार मोठे आणि दुर्लक्षित कारण आहे. नवे औषध सुरू झाले असेल तर त्याची तारीख वागणुकीच्या नोंदीशी ताडून पाहावी. काही नसतानाही वर्षातून एकदा वजन, रक्तदाब, रक्तातील साखर, थायरॉइड, दृष्टी, श्रवण आणि दात तपासावेत. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडकडे विशेष लक्ष द्यावे. दवाखान्याची सवय आजारपणात लावता येत नाही. बरे असताना एकदा नुसते जाऊन बाकावर बसून यावे, दुसऱ्या वेळी स्टेथोस्कोप हातात घेऊ द्यावा, आणि डॉक्टरांकडे गर्दी नसलेली वेळ मागून घ्यावी.

झटका आल्यास काय करावे, हे साऱ्या आळीला शिकवावे. त्या पुरात लोकांनी माझ्या भावाच्या नाकाशी चप्पल धरली आणि दातांमध्ये चमचा घालण्याचा प्रयत्न केला. हेतू चांगला होता, पण दोन्ही चुकीचे. माणसाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू हटवाव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक चालला किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झटक्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत.

सहावी पायरी: सुरक्षितता आणि सणवार

बौद्धिक दिव्यांग मुलीवर अत्याचार झाला तर तो सहसा ओळखीच्या माणसाकडून होतो, म्हणून वर्तुळ वाढवताना काही नियम सर्वांना स्पष्ट सांगावेत: बंद दाराआड एकटे बसायचे नाही, अंगाला हात लावण्याआधी विचारायचे, आणि आंघोळ-कपड्यांची मदत घरच्यांनीच किंवा ठरलेल्या माणसानेच करायची. मुलामुलींना शरीराच्या सर्व अवयवांची खरी नावे आणि ‘नको’ हा शब्द किंवा खूण शिकवावी. सगळ्यांचे ऐकणारे गुणी मूल घडवण्याच्या नादात आपण त्यांचा नकार मोडतो, आणि त्यातच मोठा धोका आहे. छळ किंवा शोषण होत असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, आणि कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे. पीडित अठरा वर्षांखालील असेल आणि अत्याचार लैंगिक असेल तर पोक्सो कायदाही लागू होतो.

घरातून निघून जाण्याची सवय असेल, तर खिशात नाव आणि फोन क्रमांकाचे कार्ड शिवून ठेवावे आणि पोलीस ठाण्यात एकदा स्वतः नेऊन ओळख करून द्यावी. गणेशोत्सवापूर्वी मंडळाच्या कार्यकर्त्यांना भेटून ढोल-ताशा कोणत्या वेळी वाजणार हे विचारून घ्यावे, म्हणजे तेवढा वेळ त्याला दूर नेता येतो. आमच्या मंडळाने सकाळची आरती झांजांविना, हळू आवाजात करायला सुरुवात केली, तेव्हापासून निरांजनाचे तबक भाऊ धरतो.

सातवी पायरी: पालकांचा गट आणि घराबाहेरची रात्र

तालुक्यात अशी चार-पाच कुटुंबे तरी सापडतात. आशा सेविका आणि विशेष शिक्षक यांना ती ठाऊक असतात. महिन्यातून एकदा भेटावे आणि आलटून पालटून सांभाळ सुरू करावा, म्हणजे एका शनिवारी एका घरी तीन मुले आणि उरलेल्या आयांना चार तास मोकळे. बारा वर्षांत सिनेमा न पाहिलेल्या आया मी पाहिल्या आहेत.

गट झाला की मागणी करता येते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून खर्च करायचा असतो. ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत लेखी अर्ज देऊन गेल्या वर्षी हा निधी कशावर खर्च झाला हे विचारावे आणि नेमकी मागणी मांडावी, जसे की दिवसाच्या केंद्रासाठी एक खोली, तिचे भाडे किंवा येण्या-जाण्याचे वाहन. अर्जाची पोच घ्यावी. दाद लागली नाही तर पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. बदलापूरचे ‘आधार’ आणि डोंबिवलीजवळच्या खोणी गावातले ‘घरकुल’ ही निवासी घरे पालकांनीच एकत्र येऊन उभारली आहेत. ती एकदा जाऊन पाहावीत. निवासी घराचा पर्याय मुळीच वाईट नाही. मात्र २०१६ च्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे कुठे राहायचे याची सक्ती त्या व्यक्तीवर करता येत नाही, आणि ओळखीच्या गावात राहण्याचा तिचा हक्क आधी तपासून पाहायला हवा.

यानंतरचे काम पालकांना सर्वांत जड जाते, तरी ते टाळू नये. आईवडील हयात आणि धडधाकट असतानाच मुलाने त्यांच्याशिवाय रात्र काढायला शिकले पाहिजे. आधी शेजारच्या घरी संध्याकाळचे जेवण, मग तिथेच झोप, मग सलग दोन रात्री, मग आई परगावी. प्रत्येक वेळी परतीचा दिवस दिनदर्शिकेवर रंगवून दाखवावा. आईच्या मृत्यूचे दुःख आणि अनोळखी अंथरूण या दोन गोष्टी एकाच रात्री कोणावर येऊ नयेत. मृत्युपत्र आणि गरज असेल तर खासगी विश्वस्त निधी वकिलाकडून करून घ्यावा, आणि त्यात भावंडांना गृहीत न धरता त्यांच्याशी आधी मोकळेपणे बोलावे. मला आईने विचारले, तेव्हा मी पहिल्यांदा रडले आणि मग माझ्याकडून काय होईल आणि काय होणार नाही, हे खरे-खरे सांगितले.

ही सारी व्यवस्था दरवर्षी तपासावी लागते. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, वही उघडतो, गोळ्यांच्या मात्रा सुधारतो, प्रत्येक फोन क्रमांक लावून पाहतो आणि छायाप्रती बदलतो. गिरणीवाले काका आता थकले आहेत. यंदा वहीत त्यांच्या नावाखाली त्यांच्या सुनेचे नाव लिहिले आहे. गुरुवारी काट्यावर डबा ठेवून भाऊ तिच्याकडे पाहत उभा राहिला, ती मनात दहा मोजत थांबली, आणि मग तो म्हणाला, “बारीक.”